पेट्रोल प्यालेले इंजिन

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, १९९७ सालची मारुती ८०० निफाड तालुक्यातल्या त्यांच्या मळ्यावर अजूनही रोजच्या कामात आहे. द्राक्षबागेची औषधे आणणे, मजुरांना चहा-नाश्ता पोचवणे, बाजाराच्या दिवशी भाजी आणि माणसे वाहणे, एवढी कामे ती निमूटपणे करते म्हणून तिला विकायचा विषय घरात निघत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीच्या नंतरच्या आवृत्त्यांत पेट्रोल इंजेक्टरमधून जात असे. तात्यांची गाडी त्याआधीची, कार्बोरेटरची, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून हवेत मिसळणाऱ्या भागाची आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, हाताने ओढायचा चोक आणि बॉनेट उघडल्यावर चार-दोन पान्यांनी हाती लागणारे बहुतेक सगळे भाग, असा तिचा साधा संसार आहे.

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. जानेवारीत तिथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवून धूर केला जातो. अशा थंडीत ही गाडी जरा आढेवेढे घेते, हे घरच्यांच्या अंगवळणी पडलेले होते. मात्र त्या सकाळी तिने पुरतेच अंग टाकले. मेव्हण्याने चोक ओढून, पाय खालीवर करत, बराच वेळ सेल्फ मारून पाहिला होता. इंजिन जोमाने फिरत होते. मधूनच एखादा फटका बसल्यासारखा आवाज येई, आता पकडणार असे वाटे आणि पुन्हा नुसती घरघर सुरू होई. गोठ्याशेजारच्या ज्या शेडमध्ये गाडी उभी होती तिथे पाऊल ठेवताच कच्च्या पेट्रोलचा वास नाकात भरला.

या वासावरूनच निदान बरेचसे झाले. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होत असेल किंवा इंजिन रखडत, कण्हत फिरत असेल, तर प्रथम बॅटरीकडे आणि तिच्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या क्षारांकडे पाहावे. इंजिन चांगले फिरते आहे पण पेट्रोलचा वास कुठेच नाही, तर पेट्रोल पुढे येत नाही असे समजून टाकी, पाइप, फिल्टर आणि पंप या वाटेने शोध घ्यावा. इंजिन चांगले फिरते, वास भरपूर येतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या हातालाही तो चिकटतो, तेव्हा पेट्रोल प्रमाणाबाहेर गेलेले असते. आमच्याकडे हा तिसरा प्रकार होता. तरी खात्री असावी म्हणून मी बॅटरीला मीटर लावून पाहिला. विश्रांतीत १२.३ व्होल्ट आणि सेल्फ मारताना दहाच्या वर, म्हणजे बॅटरी थकलेली असली तरी मोडलेली नव्हती. हे पाहणे आवश्यक होते, कारण सेल्फ मारताना बॅटरी फार खाली बसली की ठिणगीही अशक्त होते, आणि अशक्त ठिणगीला न पेटलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये साचत राहते.

तोवर शेजारच्या मळ्यांवरची मंडळी जमली होती. सासुरवाडीत जावयाने बॉनेट उघडले की प्रेक्षकांची वाण पडत नाही. “पाहुणे, दुसऱ्या गिअरला टाका, आम्ही लोटतो,” असा प्रस्ताव लगेच आला. धक्का मारण्याने चाकांकडून इंजिन फिरवले जाते, म्हणजे जे काम सेल्फ करायचा ते माणसे करतात, एवढाच फरक पडतो. बॅटरी उतरली असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. इथे इंजिन फिरत होतेच. अडचण फिरण्याची नव्हती, पेटण्याची होती. मी धक्का मारायला लावला खरा, पण तो गाडी शेडमधून बाहेर मोकळ्या खळ्यावर आणण्यापुरता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते आणि बंदिस्त जागेत जमिनीलगत साठून राहते. ज्यांच्या ओठांत विडी होती त्यांना तात्यांनी एका शब्दात पार विहिरीपर्यंत पिटाळले.

आत काय घडले होते, ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या कृती जादूटोण्यासारख्या वाटतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण एका भागाला पावणेपंधरा भाग हवा लागते. मात्र थंड इंजिनात सगळ्या पेट्रोलची वाफ होत नाही. त्यातला हलका अंश तेवढा उडतो आणि बाकीचे थेंबांच्या रूपात मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, आणि सिलिंडरच्या भिंतींवर बसते. ठिणगीपाशी पेटण्याजोगी पुरेशी वाफ मिळावी म्हणून सुरू करताना मुद्दाम जास्त पेट्रोल द्यावे लागते आणि चोक तेच करतो: तो कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटून हवा अडवतो, त्यामुळे इंजिनाची ओढ जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, अधिक पेट्रोल खेचते. इंजिन पहिल्या काही फेऱ्यांत पेटले तर सगळे ठीक. ते पेटले नाही आणि आपण चोक ओढलेला ठेवून सेल्फ मारतच राहिलो, तर प्रत्येक फेरीबरोबर आणखी पेट्रोल आत येते. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची एक चिळकांडी थेट घशात सोडतो, त्यामुळे पाय खालीवर करणे म्हणजे दर वेळी आणखी एक घोट पाजणे असते. शेवटी हे ओले पेट्रोल ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकावर आणि त्याभोवतीच्या पांढऱ्या चिनीमातीवर चढते. कोरड्या प्लगमध्ये विजेला मधल्या टोकावरून बाहेरच्या टोकावर उडी मारण्यावाचून गत्यंतर नसते. ओल्या आणि काजळलेल्या प्लगमध्ये तिला त्या थरावरून सरपटत जाण्याची सोपी वाट मिळते आणि ठिणगी पडतच नाही. मग जितका प्रयत्न जास्त, तितका प्लग अधिक ओला.

म्हणून पहिला उपाय म्हणजे काहीही न करणे. बॉनेट उघडे ठेवून, चाबी काढून, पाव तास गाडीकडे पाहायचे नाही. जमलेल्या माणसांसमोर हे करणे सर्वांत अवघड जाते, कारण हात बांधून उभ्या असलेल्या माणसाला काही येत नाही असा सर्वांचा समज होतो. चहा आला, तो मी सावकाश प्यालो. त्यानंतर चोक पूर्ण आत ढकलला, ॲक्सिलरेटर एकदाच, हळूहळू, अगदी तळापर्यंत दाबला आणि तसाच दाबून धरला. मग मेव्हण्याला सेल्फ मारायला सांगितले. पाय पूर्ण दाबलेला असला की थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप सताड उघडी राहते, चोकची झडपही उघडी असते, आणि भरपूर कोरडी हवा सिलिंडरमधून वाहून साचलेले पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर नेते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट तरी जाऊ द्यावे. सेल्फची मोटर सलग फिरण्यासाठी बनवलेली नसते, ती तापते आणि बॅटरीही बसते.

इंजिनाने या उपायाला अर्धा प्रतिसाद दिला. एक सिलिंडर पेटला, गाडी थरथरली, मागून काळा भपकारा निघाला आणि पुन्हा शांतता पसरली. साधारणपणे एवढ्यावर काम भागते. इथे भागले नाही, आणि ते का भागले नाही याचा उलगडा दुसऱ्या दिवशी व्हायचा होता.

मग प्लग काढायला घेतले. प्लगच्या वायरी ओढण्यापूर्वी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे घातले. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक, तीन, दोन असा आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली तर पुढचे सगळे श्रम फुकट जातात. वायर नेहमी टोपीला धरून उपसावी, दोरीसारखी ओढू नये. प्लग सोडण्याआधी त्याच्या खड्ड्यातली धूळ फुंकून काढली, कारण प्लग निघाल्यावर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

तिन्ही प्लग मी गोणपाटावर एका ओळीत मांडले. पहिला आणि तिसरा ओलसर होते, काजळीचा मऊ, मखमली काळा थर त्यांच्यावर होता आणि बोटाला तो सहज लागत होता. मधला मात्र भिजून चिंब झाला होता. त्याच्या वाकड्या टोकाच्या आतल्या कोपऱ्यात पेट्रोलचा थेंब लोंबत होता आणि उन्हात धरल्यावर तो किंचित केशरी दिसत होता. चिनीमातीचा पांढरा भाग, जो निरोगी इंजिनात फिकट तपकिरी असायला हवा, तो दिसतच नव्हता. काजळी तेलकट आणि चमकदार असती तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल येत असल्याची शंका घ्यावी लागली असती. ही कोरड्या जातीची काजळी होती, म्हणजे जास्त पेट्रोलाचीच.

प्लग बाहेर असतानाच सिलिंडर रिकामे करायचे असतात. त्यासाठी इंजिन पुन्हा फिरवावे लागते आणि प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे तुषार बाहेर उडतात. त्या वेळी कुठे ठिणगी पडली तर भडका उडू शकतो, म्हणून आधी इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, मोकळ्या प्लग-वायरी बाजूला बांधल्या आणि सगळ्यांना दूर उभे केले. मेव्हण्याने सेल्फ मारताच मधल्या भोकातून फवारणीच्या पंपासारखा तुषार निघाला. दोन-तीन क्षणांत तो विरळ झाला आणि नंतर नुसती हवा फुसफुसू लागली. भोके तशीच उघडी ठेवून आम्ही थोडा वेळ जाऊ दिला.

प्लग वाळवण्याबाबत गावात एक पद्धत रूढ आहे: प्लग पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईस्तोवर भाजायचा. पेट्रोल जळते आणि प्लग कोरडा होतो, हे खरे. पण ज्योतीवर एका बाजूने तापवलेली आणि मग थंड फरशीवर ठेवलेली चिनीमाती तडकू शकते आणि तो बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. मी प्लग आधी जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले, तारेच्या नव्हे तर दात घासायच्या जुन्या ब्रशने काजळी काढली आणि वारा-उन्हात ठेवले. पुरते उडून गेल्यावर शेवटचा दमटपणा जावा म्हणून भाकरीच्या गरम तव्यावर दोन मिनिटे ठेवावेत, असा विचार सासूबाईंपुढे मांडला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि माळ्यावरून कानतुटका जुना तवा काढून दिला. तो चुलीवर तापवून, चुलीपासून लांब अंगणात आणून त्यावर प्लग ठेवले. तिन्हींचा गॅप मापणीच्या पातीने पाहिला. या गाडीला तो ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतो. मधल्याचा जरा जास्त झाला होता, तो हलक्या हाताने ठोकून आणला.

बसवताना प्लग आधी हाताने फिरवावा, पान्याने नव्हे. हेड ॲल्युमिनियमचे असते. प्लग तिरका शिरला तर आटे कापले जातात आणि मग वीस रुपयांच्या घाईचे काम लेथवाल्याकडे जाते. हाताने शेवटपर्यंत गेल्यावरच पान्याने आवळला. कॉइलची वायर परत जोडली, चोक आतच ठेवला, पाय अर्ध्यावर धरला. या वेळी इंजिनाने पकडले. सुरुवातीला तीनपैकी दोनच सिलिंडर चालत होते, गाडी लंगडत होती आणि खळ्यावर काळा धूर साचला होता. मग तिसराही जागा झाला, आवाज एकसारखा झाला आणि धूर हळूहळू निवळला. मी पाऊण तास गाडी चालवून आणली, कारण पेटून लगेच बंद केलेले इंजिन पुन्हा ओले होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच वास होता.

चोकही न ओढता, पहिल्याच सेल्फला हे घडल्यावर दोष चालवणाऱ्याच्या हातापायाचा नाही, पेट्रोल अडवणाऱ्या एखाद्या भागाचा आहे, हे उघड झाले. त्यामुळे आम्ही गाडी कालच्याच रीतीने सुरू केली आणि ती चालू ठेवूनच शोध सुरू केला. प्रथम चोकची तार पाहिली. मूठ आत ढकलली की झडप पूर्ण उघडत होती. मग एअर फिल्टर काढला. भुरी रोगासाठी बागेवर गंधकाची भुकटी धुरळतात. ती आणि पायवाटेची धूळ मिळून फिल्टरच्या घड्यांमध्ये पिवळट थर बसला होता. तुंबलेला फिल्टर हवा अडवतो, म्हणजे ओढलेल्या चोकसारखा वागतो, त्यामुळे तो बदलावा लागणारच होता. मात्र फिल्टर काढून ठेवला तरी धूर कमी झाला नाही, तेव्हा मुख्य आरोपी तो नव्हता.

उत्तर कार्बोरेटरच्या पोटावर असलेल्या छोट्या काचेत मिळाले. या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्याला, एक काच असते आणि तिच्या मध्यावर गोल खूण असते. इंजिन चालू असताना पेट्रोलची पातळी त्या खुणेशी असावी लागते. बहुतेक मालकांना ही काच गाडी विकेपर्यंत दिसत नाही, कारण ती मळाने काळी झालेली असते. फडक्याने पुसून टॉर्च मारला तर पेट्रोल खुणेच्या बरेच वर, काच भरून, हेलकावत होते. कार्बोरेटरच्या घशात डोकावले असता मधल्या नळीच्या टोकावरून पेट्रोल अधूनमधून ठिबकत होते.

फ्लोट चेंबरची रचना घरावरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखी आहे. पेट्रोल चढले की फ्लोट वर येतो, एक टोकदार नीडल तिच्या सीटमध्ये दाबतो आणि येणारी वाट बंद होते. नीडल नीट बसली नाही तर पंपाच्या दाबापुढे ती टिकत नाही आणि पेट्रोल चढतच राहते. या गाडीचा पेट्रोल पंप विजेचा नाही, तो इंजिनाच्याच कॅमशाफ्टवर चालतो. म्हणून सेल्फ मारला की पंपही फिरतो आणि गळक्या नीडलवाटे आणखी पेट्रोल आत लोटतो. पहिल्या सकाळी पाय पूर्ण दाबण्याचा उपाय अर्ध्यावर का अडला, हे आता कळले: आम्ही एका बाजूने सिलिंडर रिकामे करत होतो आणि त्याच फेऱ्यांनी पंप दुसऱ्या बाजूने ते भरत होता.

इथून पुढचे काम हायवेलगत गॅरेज असलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी केले. कार्बोरेटरवर हात बसलेली माणसे आता थोडी उरली आहेत. नव्या पोरांना संगणक लावून दोषाचा कोड वाचता येतो, पण या डब्याला लावायला कोड नाही. मिस्त्रींनी माझे सगळे निरूपण ऐकून घेतले आणि म्हणाले, “दाजी, नीडल गळतीय हे खरंय, पण ती का गळतीय ते बघू. नाहीतर महिन्याने परत याल.”

त्यांनी वरचे झाकण सोडवले, फ्लोट काढून कानाशी हलवला, आत पेट्रोल शिरून तो जड झाला नाही याची खात्री केली आणि मग नीडल पांढऱ्या कागदावर ठेवली. तिच्या टोकावर, जिथे ती सीटला टेकते तिथे, नखाला जाणवेल अशी एक गोल खाच पडली होती. तेवढे वयोमानाने होतेच. पण सीटच्या कडेला काळे, मऊ, मोहरीच्या अर्ध्याएवढे कण चिकटले होते. मिस्त्रींनी त्यातला एक चिमटीत धरून चिरडला, तर बोटावर काजळासारखी रेघ उमटली. ते रबर होते. पंपाकडून कार्बोरेटरकडे येणारा पाइप त्यांनी कापून उभा चिरला. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या पाइपची आतली कातडी फुगून, भेगाळून सुटी होऊ लागली होती आणि तिचेच तुकडे पेट्रोलाबरोबर वाहत येऊन नीडलला मिटू देत नव्हते. पेट्रोलचा फिल्टर पंपाच्या अलीकडे असतो, पलीकडच्या पाइपमधून सुटलेला कचरा त्याला कसा अडवता येणार?

मिस्त्रींच्या मते हे इथेनॉलचे, म्हणजे उसापासूनही बनणाऱ्या अल्कोहोलचे, काम. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२२ मध्ये गाठले आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. तात्यांचा पाइप इथेनॉलने गेला की पंचवीस वर्षांच्या उन्हातान्हाने, याचा निवाडा मी करू शकत नाही. बहुधा दोघांनी मिळून नेला. जो शेतकरी अर्ध्या रानात ऊस लावतो त्याच्याच गाडीचा पाइप इथेनॉलने खाल्ला, यावर तात्या दिवसभर हसत होते.

कार्बोरेटरचे किट आणले, नीडल, सीट आणि गॅस्केट बदलली, जेट हवेच्या झोताने साफ केली. मिस्त्री जेटमध्ये तार घालत नाहीत. तारेने भोक किंचित जरी रुंदावले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते, असे त्यांनी शिकाऊ मुलाला माझ्यादेखत बजावले. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे आणि टाकीकडे परत जाणारे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचे घातले. परतीचा पाइप तुंबला असेल तर पंपाचा दाब वाढतो आणि नवी नीडलही हार मानते, म्हणून तो फुंकून मोकळा असल्याचे त्यांनी आधी पाहिले होते.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती, ती डिपस्टिकवर दिसली. तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती आणि काडी नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास येत होता. सिलिंडरमध्ये साचलेले पेट्रोल भिंतींवरचा तेलाचा थर धुऊन काढते आणि रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरते. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगला आधार देत नाही. काही इंजिने वारंवार पेट्रोल प्याल्यावर अजिबात पकडत नाहीत, त्याचेही एक कारण हेच असते: तेलाचा थर धुतला गेल्याने रिंगा हवा धरत नाहीत आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडते. अशा वेळी जुने मिस्त्री प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडतात, हाताने इंजिन दोन फेरे फिरवतात आणि मग प्लग लावतात. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण ऑइल आणि त्याचा फिल्टर त्याच दिवशी बदलला. गाडी सुरू झाली म्हणून आनंदात हे राहून जाते आणि त्याची किंमत इंजिन पुढे वसूल करते.

नाशिकला परतल्यावर माझ्या स्वतःच्या, इंजेक्शनच्या गाडीबाबत हाच विषय निघाला, कारण शेजाऱ्यांची तशीच गाडी त्याच आठवड्यात अडली होती. त्यांनी टँकरला वाट द्यायला थंड गाडी सुरू केली, चार हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली. थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. ते जळून जायच्या आत इंजिन बंद झाले की प्लग ओले राहतात आणि पुढच्या वेळी गाडी सुरू होत नाही. अशा गाडीत चोक नाही आणि सुरू करताना ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही अशीच शिकवण असते. पण अडलेल्या वेळी पाय तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला, तर बहुतेक गाड्यांचे संगणक याचा अर्थ ओळखतात आणि इंजेक्टर बंद ठेवून नुसती हवा जाऊ देतात. शेजाऱ्यांची गाडी तेवढ्याने सुरू झाली. मात्र अशा गाडीत न जळलेले पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो तापून खराब होऊ शकतो, त्यामुळे दोन-तीनदा करून जमले नाही तर थांबावे, धक्काही मारू नये आणि मेकॅनिकला बोलवावे.

हे सगळे पेट्रोलाबद्दल आहे, पुराच्या पाण्याबद्दल नाही, हे स्पष्ट करणे भाग आहे. चिपळूणसारख्या ठिकाणी जुलै २०२१ मध्ये बुडालेल्या गाडीला यातली एकही कृती चालणार नाही. पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि चाबीला हात न लावता गाडी उचलून न्यायची, एवढेच घरच्या माणसाच्या हाती असते.

तात्यांची गाडी उरलेल्या हिवाळ्यात चोक अर्धा ओढला की सुरू होत राहिली. सुरू झाल्यावर पन्नास-साठ पावलांनी तो आत ढकलायचा, हेही आता घरात सगळ्यांना पाठ झाले आहे. मिस्त्रींनी काच घासून लख्ख करून दिली आणि दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू ठेवून पातळी पाहायला सांगितले. ते काम मेव्हण्याने स्वतःकडे घेतले आहे. मागच्या खेपेला फोनवर त्याने पेट्रोल खुणेच्या किंचित खाली आहे असे कळवले, तेव्हा मिस्त्री म्हणाले की खाली असेल तर चिंता नाही, वर चढले तर मात्र लगेच गाडी घेऊन या.